घरावर पाणी सोडलं

माझे सासरे पाणीखात्यात चावीवाले होते. अडतीस वर्षं. ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी येतं त्यांना चावीवाला म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली एक खड्डा असतो, खड्ड्यात व्हॉल्व्ह असतो, आणि कमरेएवढी उंच लोखंडी चावी त्यात घालून फिरवली की शहराच्या एका भागाला पाणी सुटतं. मामंजींनी चावी फिरवली की सहा हजार घरांत आंघोळी, नाही फिरवली की सहा हजार घरांत बोंबाबोंब. महापौरांना मिळत नसतील इतके नमस्कार त्यांना मिळायचे. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते पहाटे उत्तर भागावर पाणी सोडून मगच लग्नाला उभे राहिले. सासूबाई होत्या तोवर हे येईल त्याला ऐकवायच्या.

त्या खात्याची स्वतःची एक बोली असते. अमक्या भागावर पाणी सोडलं, तमक्या टाकीवर पाणी सोडलं. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी मामंजींच्या तोंडातून ती गेलेली नाही. हे जरा लक्षात असू द्या, कारण पुढे जो घोळ झाला तो तिथेच झाला.

डोंगरावर आमचं एक उन्हाळी घर आहे. तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समोर तळं. मामंजी आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, या दोघांनी मिळून ते घेतलं. वर्षातले पाच महिने दोघं तिथे राहतात आणि पाचही महिने भांडतात. चहात साखर आधी की नंतर, खिडकी उघडी की बंद, परवा पाहिलेला पक्षी बगळा होता की दुसराच कुणी. उरलेले सात महिने घर बंद असतं, कारण थंडीत तळं इतकं गोठतं की माणसं त्यावरून चालत जातात.

घर बंद करायचं म्हणजे नुसतं कुलूप लावायचं नव्हे. गाद्या उभ्या करायच्या, फ्रिजच्या दारात लाकडी डाव अडकवायचा म्हणजे आत वास धरत नाही, डाळ-तांदूळ पत्र्याच्या डब्यांत कोंबायचे म्हणजे उंदीर नुसते वास घेत बसतात. खुर्च्यांना, टेबलांना आत्याबाईंनी शिवलेल्या खोळी चढवायच्या. आत्याबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांची खोळ खुर्चीला अशी बसते की खुर्चीचंच माप घेऊन गेल्या होत्या हे दिसतं. पण खरं काम पाण्याचं. पाइपात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून फाटकाजवळच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह बंद करून सगळं पाणी काढून टाकावं लागतं. हे खातं मामंजींचं. तिथे दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही.

आणि मागच्या थंडीत न्हाणीघराचा पाइप फुटला.

घर उघडलं तेव्हा मधल्या खोलीची लाकडी जमीन पापडासारखी वर आलेली होती आणि आत्याबाईंच्या शिवणयंत्राची पार वाट लागली होती. मामंजी एवढंच म्हणाले, "राहिलं असेल काहीतरी माझ्याकडून." आत्याबाई मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत.

"अडतीस वर्षं साऱ्या दुनियेला पाणी पुरवलं आणि घरचा वीतभर पाइप रिकामा करता येत नाही?" त्या कडाडल्या. "दादाला आता झेपत नाही. त्याने या घरावर पाणी सोडावं, नाहीतर मी तरी सोडते!"

नंतरचे पाच महिने त्या डोंगरावर राहिल्या, पण बोलल्या भिंतीशी. "भिंती, चहा झालाय म्हणावं." भिंतीपलीकडून मामंजी चहा घ्यायला यायचे. मोसम संपायच्या पंधरा दिवस आधीच त्या बॅग भरून आपल्या घरी निघून गेल्या, घर बंद करायलासुद्धा थांबल्या नाहीत.

आता माझा नवरा. तो विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला साध्या पायपुसण्यातही अपघात दिसतो. त्याने ठरवून टाकलं की या वेळी घर बंद करताना मी बाबांबरोबर जायचं आणि लक्ष ठेवायचं. बाबा काही विसरताहेत असं दिसलं तर पुढच्या वर्षीपासून घर एका एजन्सीच्या ताब्यात द्यायचं आणि बाबांनी बारा महिने आमच्या फ्लॅटमध्ये राहायचं. आमच्या फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास असतं. मामंजी तिथे चार दिवसांत कोमेजतात.

"मी का?" मी विचारलं. "तुझे वडील, तू जा."

"मला रजा नाही. आणि तुझी नजर तीक्ष्ण आहे."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझ्या नजरेचं कौतुक पहिल्यांदा झालं आणि तेही असल्या कामासाठी. मामंजींनाही सगळं ठाऊक होतं. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "परीक्षक, पेपर सोपा काढा हं." मी हसले खरी, पण मला आतून फार वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी ती जुनी चावी काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी शालीऐवजी तीच दिली होती. खड्ड्यात चावी घातली, मान तिरकी करून कान लावला, आणि डॉक्टर नाडी बघतो तसे डोळे मिटून फिरवायला लागले. "बंद," ते म्हणाले. मग घरातले सगळे नळ उघडे केले. पाणी गुरगुरत खालच्या तोटीवाटे बाहेर गेलं.

"सगळे नळ उघडेच ठेवायचे," त्यांनी मला समजावलं. "नळीचं वरचं टोक बोटाने दाबलंस तर पाणी आत अडकतं की नाही? तसंच. हवा आत गेली तरच पाणी बाहेर येतं, आणि उरलंसुरलं झिरपायला अख्खी रात्र जाते."

मी वहीत लिहून घेतलं आणि कामाला लागले. वापरायला चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. मी येता-जाता आवरत होते, झाडत होते, दिसेल ते जागच्या जागी करत होते. आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. मामंजी पुन्हा पुन्हा नळांकडे जात होते. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी उघडला होता, मी स्वतः पाहिलं होतं. तासाभराने जाऊन पुन्हा उघडला. न्हाणीघरातला तर तीनदा.

"मामंजी, हा मघाशीच उघडला होतात ना?"

"हो का?" ते गालात हसले. "बघतो आपला एकदा."

मी वही उघडली. लिहिलं, 'उघडलेला नळ पुन्हा उघडतात. तीनदा.' नेटवर्क फक्त घरामागच्या पाण्याच्या टाकीपाशी येतं. संध्याकाळी तिथे जाऊन नवऱ्याला कळवलं. तो म्हणाला, "बघ. म्हणालो नव्हतो?" त्या 'म्हणालो नव्हतो'चा मला इतका राग आला की मी फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी न्हाणीघराच्या पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, बदलायला घेतला. घर उघडलं तेव्हा घाईत बसवलेला त्यांच्या मनास येत नव्हता. मला म्हणाले, "तू खाली बाजारात जाऊन टेप आणि डांबरगोळ्या घेऊन ये. मी एल्बो बसवतो, जरा पाणी सोडून गळतंय का बघतो, आणि मग कायमचं काढतो."

"पाणी सोडलंत की मला कळवा," मी बजावलं. नजर ठेवायला आले होते ना!

त्यांनी कळवलं. पण मामंजींना फोनमधली एकच जागा सापडते, ती म्हणजे आमच्या कुटुंबाचा ग्रुप. टाकीपाशी उभं राहून त्यांनी तिथे लिहिलं, 'घरावर पाणी सोडलं. आता चिंता मिटली.' घरातली वीज त्यांनी सकाळीच मेनपासून बंद केलेली, फोनचं चार्जिंग संपत आलेलं. त्यांनी तो बंद करून कपाटात ठेवून दिला. घर बंद करताना जे दिसेल ते बंद करायची त्यांची पद्धत आहे.

मी डांबरगोळ्या निवडत होते तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"काय बोललीस तू बाबांना?"

"मी? काय झालं?"

"घर सोडलं त्यांनी! ग्रुपवर लिहिलंय! फोनही बंद करून बसलेत. तुला लक्ष ठेवायला पाठवलं होतं, घालवून द्यायला नाही!"

सासऱ्याने काहीही केलं की सून काय बोलली असेल हा पहिला प्रश्न. ही शिकवण शाळेत देतात की काय कोण जाणे. मी मेसेज उघडून वाचला. कालची ती वही त्यांनी पाहिली असणार, असंच माझ्या मनात आलं. डांबरगोळ्या तिथेच टाकल्या आणि गाडी वर दामटली.

घरी येऊन बघते तर मामंजी न्हाणीघरात पालथे झोपून पाइपाखाली कोरडा कागद धरून बघताहेत. "एक थेंब नाही!" ते आनंदाने ओरडले. "टेप आणलीस? आता नसली तरी चालेल."

"मामंजी, तुम्ही घर सोडलंत?"

"घर कुठे सोडलं? पाणी सोडलं. तूच सांगितलंस ना, कळवा म्हणून?"

मी दारातच बसले आणि हसत सुटले. त्यांना कळेना. समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही दोघं टाकीपाशी पळालो. नवऱ्याला खरं काय ते कळवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण आत्या निघालीय. मेसेज वाचल्या वाचल्या निघाली. आणि तिचाही फोन बंद आहे."

चार तासांनी फाटकाशी टॅक्सी थांबली. तोवर मामंजींनी व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून, सगळे नळ उघडून पाणी काढून टाकलं होतं. आत्याबाई उतरल्या त्याच मुळी भांडत. आज भिंत मध्ये नव्हती.

"कुणाला विचारून पाणी सोडलंस?"

मी "आत्याबाई, अहो..." म्हणेपर्यंत मामंजींनी उत्तरसुद्धा दिलं. "विचारायचं काय त्यात? पाणी मीच सोडतो ना नेहमी?"

"नेहमी? यापूर्वी कधी सोडलंस?"

"दर वर्षी सोडतो! आणि आता काढूनही घेतलं."

"काढून घेतलं? सोडलेलं परत घेतात? पोरखेळ आहे का, दादा?" आत्याबाईंचा आवाज एकदम फुटला. "मी रागात बोलले म्हणून तू खरंच सोडायचंस? मी एकटीने काय करायचं या घरात? कुणाशी भांडू? त्या भिंतीशी? पाच महिने बोलले तिच्याशी, मेली एकदासुद्धा उलट उत्तर देत नाही!"

आणि त्या रडायला लागल्या. सत्तरीला टेकलेली बाई, हातात पर्स, अंगात कोट, फाटकाशी उभी राहून लहान मुलीसारखी रडत होती. मामंजी हातातली चावी टाकून पुढे झाले. "अगं बबे, घर नाही सोडलं. पाइपात पाणी सोडलं होतं. गळतंय का बघायला."

आत्याबाईंनी हुंदका अर्धाच गिळला. "पाइपात?"

"पाइपात."

"मग तसं लिहायचं ना, मेल्या! टॅक्सीत बसून घसा कोरडा पडला माझा." एवढं बोलून त्या तरातरा न्हाणीघरात शिरल्या. बादलीतल्या पाण्याने तोंड धुतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा नेहमीच्या आत्याबाई झाल्या होत्या.

"आणि काय रे, लक्ष कुठे असतं तुमचं दोघांचं? नळ उघडा टाकून बसलाय. केला मी बंद."

मी मामंजींकडे पाहिलं. ते उठून न्हाणीघराकडे निघालेच होते, हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये असे. अगदी कालच्यासारखे. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. काल न्हाणीघरातून बाहेर येताना मी काय केलं होतं? झाडताना, पुसताना, येता-जाता? मीच नळ बंद करत होते! हाताला समजतसुद्धा नव्हतं. आमच्या घरात उघडा नळ बघून कुणी पुढे जाऊच शकत नाही, कारण या माणसाने अख्ख्या घराला तेच शिकवलंय. मी नवीन नवरी होते तेव्हाचं त्यांचं पहिलं वाक्य 'ये, बस' नव्हतं. 'सूनबाई, नळ उघडा दिसला की आधी नळ, मग बाकीचं जग' हे होतं. आणि मी वहीत काय लिहिलं? विसरतात म्हणून! मला माझीच लाज वाटली.

"मामंजी, थांबा," मी म्हटलं. "कालचे नळ मी बंद केले होते ना? तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू एवढं मन लावून आवरत होतीस," ते म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांच्याकडे बघायला लागल्या. शिवणशिक्षिकेची नजर, कुठचा टाका सुटलाय ते तिला सांगावं लागत नाही. त्या खोळ घातलेल्या खुर्चीवर हळूच बसल्या.

"दादा, मागच्या वर्षी सगळ्यात शेवटी मी बाहेर पडले होते. छत्री राहिली म्हणून परत आत गेले होते. येताना न्हाणीतला नळ उघडा दिसला..."

मामंजी न्हाणीघरातला नळ उघडून परत आले.

"मी बंद केला. मीच केला बंद. तुला माहीत होतं?"

"घर उघडलं तेव्हा तो नळ सोडवायला पक्कड लागली मला," मामंजी म्हणाले. "इतका घट्ट नळ आपल्या घरात एकच बाई बंद करते."

"आणि मोसमभर माझी बोलणी खाल्लीस? सगळे तुला म्हातारचळ लागला म्हणत होते! सांगायचं नाहीस?"

फाटकाशी टाकलेली चावी मामंजींनी उचलून आत आणली होती, ती सदऱ्याच्या टोकाने पुसली. "सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस, बबे. तू माझ्याशी भांडून येशील. शरमून नाही यायचीस. मी ओळखत नाही होय तुला? आणि उघडा नळ बंद करायला तुला शिकवलं कुणी? तू सहा वर्षांची होतीस, हात पोचत नव्हता, तर मी डबा ठेवून दिला होता उभं राहायला."

मग आत्याबाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "ती वही आण इकडे." मी दिली. त्यांनी माझं पान वाचलं, टर्रकन फाडलं, चुरगाळून पर्समध्ये टाकलं. "माझ्या भाच्याला सांग, परीक्षक नापास झाले."

मी टाकीपाशी जाऊन तसंच सांगितलं. एजन्सीचं नाव आता परत काढायचं नाही, हेही सांगितलं, आणि मघाशी माझ्यावर ओरडल्याबद्दल जे सांगायचं होतं तेही सगळं सांगितलं. टाकीपाशी नेटवर्क फार छान येतं.

आत्याबाई मुक्कामाला राहिल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी खोळींच्या उरलेल्या कापडाचे तुकडे काढले आणि यंत्र नव्हतंच म्हणून हातानेच शिवत बसल्या. सकाळी उठून बघते तर घरातल्या पाचही नळांच्या डोक्यावर एकेक टोपी, खाली नाडीने बांधलेली, आणि टोपीवर धाग्याने काढलेलं, 'हात लावू नको'. न्हाणीघरातल्या टोपीवर मात्र लिहिलं होतं, 'बबे, हात लावू नको'.

निघताना दाराला कुलूप लागलं. मामंजींनी ती लोखंडी चावी गाडीत ठेवायच्या ऐवजी आत्याबाईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"पुढच्या मोसमात घरावर पाणी तू सोड."

"मी? मी का म्हणून सोडू?" आत्याबाई उसळल्या. "घर अर्धं माझं आहे, जिवात जीव आहे तोवर मी काही पाणीबिणी..." आणि मग थांबल्या. चावीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "शिकवशील?"

"कान लावून फिरवायची असते. जमेल तुला."

गाडी निघाली. चावी दोन सीटच्या मधून आडवी, एक टोक आत्याबाईंच्या मांडीवर. पहिलं वळण आलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "दादा, पाच नळ उघडे टाकून आलो रे आपण."

"हो."

"कसंतरीच होतंय मला."

"मलाही होतं," मामंजी म्हणाले. "दर वर्षी होतं. पहिल्या वर्षी तर मी या वळणावरून परत गेलो होतो."

माझीही बोटं स्टिअरिंगवर वळवळत होती.

डोंगर उतरल्यावर चहाला थांबलो. छोटंसं हॉटेल, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि त्याचा नळ टपटप गळत होता. आम्ही तिघं एकदमच खुर्चीवरून उठलो. मी अर्धवट उभी राहिले, मामंजी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. आत्याबाई मध्येच थबकल्या होत्या, हात पुढे, आणि भावाकडे बघत होत्या, विचारल्यासारख्या.

"हा बंद कर, बबे," मामंजी म्हणाले. "चांगला घट्ट कर."